पावसाळी घाटात ट्रॅक्टर-ट्रॉली: चढवायची कशी, उतरवायची कशी

वैभववाडी-कणकवलीकडचा ऊस घाट चढून वर येतो, वरून कडबा, शेणखत, सामानसुमान खाली जातं. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, तिकडे पाटण-चिपळूणचा कुंभार्ली, भोर-महाडचा वरंध. या सगळ्या वाटांवर ट्रॅक्टर-ट्रॉली दिसते आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस किंवा हंगामातला अवकाळी सुरू झाला की त्यातली एखादी कठड्याला टेकलेली किंवा गटारात कलंडलेलीही दिसते. अशा वेळी बघे म्हणतात, ब्रेक फेल झाला. बऱ्याच वेळा ब्रेक शाबूत असतो. चाकं थांबलेली असतात, पण रस्त्यावर ती धरत नाहीत. घाटात काय होणार हे बहुतेक वेळा खाली ट्रॉली भरतानाच ठरलेलं असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी हिशेब, मग भरणी

साध्या दोन-चाकी-चालन ट्रॅक्टरला, म्हणजे ज्यात इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो त्याला, ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. ट्रॉलीला बहुधा नसतोच. म्हणजे उतारावर ट्रॅक्टरचं, ट्रॉलीचं आणि मालाचं सगळं वजन त्या दोन टायरांच्या रस्त्यावरच्या पकडीवर तोलायचं असतं. ढोबळ आकडे घेऊन पाहा. ट्रॅक्टर 2 टन, भरलेली ट्रॉली 8 टन, एकूण 10 टन. उतार 1:12 चा, म्हणजे 12 मीटरला 1 मीटर खाली. हे धूड खाली ओढणारा जोर झाला सुमारे 830 किलो. टायरांच्या घरंगळण्याला जो नैसर्गिक अडथळा असतो तो त्यातून 200 किलो वजा करा. 630 किलो उरले, ते तुमच्या मागच्या चाकांनी धरायचे.

मागच्या चाकांवर दीड टन भार आहे असं धरलं, तर कोरड्या डांबरावर ती हजार किलोच्या आसपास जोर धरतात. काम भागतं. ओल्या डांबरावर हाच आकडा 600 पर्यंत घसरतो, आणि तांबड्या मातीचा पातळ राप असेल तर चारशेच्याही खाली. 630 धरायचे आहेत आणि हातात 600 आहेत. वळण, खड्डा, समोर अचानक आलेली एसटी यांसाठी शिल्लक काहीच नाही.

आता ट्रॉली 4 टनांवर आणा. एकूण 6 टन झाले, खाली ओढणारा जोर 500, अडथळा वजा जाता 380. ओल्या रस्त्यावर हे जमतं. चिखलावर अजूनही काठावरच आहे.

म्हणून ओल्या घाटात माझा नियम सरळ आहे: निम्मी भरणी आणि एकच ट्रॉली. दोन ट्रॉल्या जोडून पावसात घाट उतरणं मला कोणत्याच भाड्यात परवडण्यासारखं वाटत नाही. दुसरी पायथ्याला किंवा माथ्याला सपाटीवर सोडा आणि वेगळी खेप करा. डिझेल जास्त जाईल, ते भाडं ठरवतानाच धरा.

वजन अंदाजाने धरू नका. शेणखत, वाळू, पेंढा भिजला की त्याच उंचीच्या ट्रॉलीत टनांचा फरक पडतो. वाटेत वजनकाटा असेल तर पावती काढून घ्या, फार पैसे लागत नाहीत.

माल कुठे ठेवायचा

एका एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांच्या ट्रॉलीत मालाचा थोडा भार जोडणीच्या दांडीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, आणि पकड त्यातूनच मिळते. जड माल एक्सलच्या जरा पुढे ठेवला तर हा भार टिकतो. मागच्या फाळक्याकडे जड माल गेला की दांडी वर उचलायला बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मारला की नुसती घसरतात. उलट फारच पुढे भरलं तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरवर जवळजवळ येतच नाही. त्यामुळे ती उतारावर जास्त ढकलते हे लक्षात ठेवून तिची भरणी आणखी कमी करा.

उंची आवरा. कडब्याची ट्रॉली वजनाला हलकी असली तरी घाटाच्या तोंडाशी आडवा वारा लागतो आणि आत झुकलेल्या वळणावर ती चटकन कलते. रस्सा आडवा-उभा दोन्हीकडून घ्या आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा, कारण माल बसतो आणि रस्सा सैल पडतो. ताडपत्रीचं फडफडणारं टोक मागच्या दिव्यावर येत असेल तर आत खोचा.

निघण्याआधीची तपासणी

ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक पायटे (पेडल) असतात. शेतात वळताना एकेक वापरायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने जोडलेच पाहिजेत. रानातून थेट डांबरावर आलेल्या ट्रॅक्टरची ही पट्टी हमखास मोकळी असते. उतारावर एकच चाक थांबलं तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि मागून ट्रॉली येऊन आदळते.

पट्टी जोडली म्हणजे काम झालं असंही नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या ट्रॅक्टरने थोडा वेग घेऊन दोन्ही ब्रेक एकदम दाबा आणि उतरून चाकांचे व्रण बघा. एका बाजूचा व्रण लांब असेल किंवा ट्रॅक्टर एकीकडे ओढत असेल तर ब्रेक सारखे करून घेतल्याशिवाय घाटाकडे जाऊ नका. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर पाण्यातून गेल्यावर फारसा फरक पडत नाही. कोरड्या डिस्कचे असतील तर ओढा ओलांडल्यावर हलके दाबून ते सुकवून घ्यावे लागतात.

हुकाचं बघा. ट्रॉली नेहमी खालच्या ठरावीक हुकालाच जोडायची. वरच्या लिंकच्या, म्हणजे अवजारं जोडायच्या वरच्या दांड्याच्या जागी किंवा उंचावर जोडलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते, आणि असे ट्रॅक्टर मागे उलटतात. पिन जाड आणि सरळ हवी, तिला खाली क्लिप हवी. सळईचा तुकडा वाकवून पिन म्हणून वापरलेला मी इतक्या ट्रॅक्टरांना बघितलाय की आता बोलायचाही कंटाळा येतो. शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरच्या चासीला एक मजबूत साखळी वेगळी बांधा. पिन निसटली तर दांडी जमिनीत न रुतता ट्रॉली मागे लटकत राहील आणि तुम्हाला थांबायला अवधी मिळेल.

मागचे टायर गुळगुळीत झाले असतील तर ओल्या डांबरावर ते काहीच धरत नाहीत. मागच्या टायरात पाणी भरून घेतलं तर पकड वाढते. वॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्या पातळीपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण पाऊण टायर भरतो. पुढे लोखंडी वजनं लावली की चढावर स्टिअरिंग हाताशी राहतं. ट्रॉलीच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी, नाहीतर ती रिकामी असतानाच एका अंगाला कललेली राहते. हबचे नट, कमानपाट्यांचे यू-बोल्ट, बेअरिंग हे गॅरेजवाल्याला दाखवा.

दिव्यांबाबत दोन शब्द. धुक्यात मागून येणाऱ्याला तुमचा ट्रॅक्टर दिसत नाही, फक्त मालाचा ढीग दिसतो आणि तोही शेवटच्या क्षणी. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा, फाळक्याच्या दोन्ही टोकांना रेडियमची रुंद पट्टी, आणि माल बाहेर आला असेल तर त्याच्या टोकाला दिवसा लाल फडकं, रात्री दिवा. रेडियम चिखलाने माखतं, दर थांब्याला पुसा.

सोबत घ्यायचं सामान: लाकडाचे चार मोठे त्रिकोणी ठोकळे, दोऱ्या बांधलेले, फावडं, गोणीभर कोरडी वाळू किंवा कच, टॉर्च, धोक्याचा त्रिकोण, एक शहाणा माणूस. तो माणूस ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा मालावर बसणार नाही. मागून दुचाकीवर किंवा जीपमध्ये येईल. ट्रॉलीत माणसं बसवून घाट उतरणं हा गुन्हा तर आहेच, पण ट्रॉली कलंडली तर सगळ्यात आधी तीच माणसं खाली सापडतात.

जायचं की थांबायचं

हवामान खातं आता पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतं. तो आदल्या संध्याकाळी आणि निघताना असा दोनदा बघा. जिल्ह्याला पिवळा आणि घाटाला नारिंगी असं पुष्कळदा असतं. लाल असेल तर विषय संपला. नारिंगीला भरलेली ट्रॉली काढू नये असं माझं मत आहे. रिकामी न्यायची असेल तर बघा. पावसाळ्यात काही घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने अवजड वाहनांना बंद होतात, वरंधसारखे तर वारंवार. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर विचारलं की वर काय परिस्थिती आहे ते कळतं, आणि वरून नुकत्याच उतरलेल्या ट्रकवाल्याइतकी ताजी बातमी कुठेच मिळत नाही.

वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरात आणि अवकाळीच्या दिवसांत ढग दुपारनंतर भरून येतात. पहाटे धुकं असतं. मधला काळ, म्हणजे धुकं विरल्यापासून दुपारपर्यंतचा, आपला. भर पावसाळ्यात करूळ-भुईबावड्याच्या माथ्यावरच्या गगनबावड्याला दिवसभर धुकं राहू शकतं, तिथे असा हिशेब चालत नाही. आणि आंबोलीला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊच नका. धबधब्यापाशी लावलेल्या गाड्यांमधून ट्रॉली काढणं घाट उतरण्यापेक्षा अवघड.

सगळ्यात निसरडा रस्ता मोठ्या पावसात नसतो. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या सरीनंतरची पंधरा-वीस मिनिटं वाईट. रस्त्यावर साचलेलं तेल, डिझेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा तेवढ्यात साबण होतो. जोराचा पाऊस ते धुऊन नेतो. अशी सर अंगावर आली तर रुंद जागा बघून थांबा, चहा घ्या.

चढताना

पायथ्याच्या सपाटीवरच गिअर निवडा. लो रेंजमधला (कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गटातला) असा गिअर घ्या की इंजिन मध्यम फेऱ्यांवर आरामात ओढेल आणि माथ्यापर्यंत बदलावा लागणार नाही. चढाच्या मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला, गिअर पडला नाही, की 6 टनांचं ओझं मागे यायला निघतं.

चाक फिरून जागीच घासायला लागलं तर रेस वाढवू नका, कमी करा. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा खटका) असेल तर सरळ रस्त्यावर, चाक घसरायच्या आधी टाका आणि वळणाआधी काढा. लॉक टाकलेला ट्रॅक्टर वळत नाही, सरळ कठड्याकडे जातो.

पुढची चाकं हलकी होतायत असं स्टिअरिंगवरून कळतं, ते उगाचच मऊ लागतं. लगेच रेस कमी करा. क्लच झटक्यात सोडणं हे ट्रॅक्टर उलटण्याचं मोठं कारण आहे. उभा ट्रॅक्टर चढावर हलवताना क्लच इंचाइंचाने सोडायचा.

थांबावंच लागलं तर क्रम असा: रेस कमी, जोडलेला ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, मग क्लच, मग पार्किंग ब्रेक, आणि मागच्या माणसाने ट्रॉलीच्या दोन्ही चाकांमागे ठोकळे टाकायचे. ठोकळा बाजूने सरकवायचा, दोरी धरून. ट्रॉलीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये तर अजिबातच नाही. मागे घरंगळायला लागल्यावर घाबरून एकदम जोरात ब्रेक मारला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, म्हणून घरंगळू द्यायचंच नाही.

नियमाप्रमाणे अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्याला वाट देण्याची जबाबदारी उतरणाऱ्याची आहे. पण वरून येणाऱ्या पर्यटकाला हे ठाऊक असेलच असं नाही. हॉर्न द्या, आणि आपला हक्क सिद्ध करायला ओल्या चढावर थांबायची वेळ आणू नका.

उतरताना

खरा धोका इथे आहे. माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, पूर्ण थांबा. खाली उतरून पिन, साखळी, रस्सा, टायर बघा. ब्रेकपट्टी पुन्हा बघा. हाताची रेस (हाताने लावून ठेवायचा रेसचा दांडा) पूर्ण खाली आणा. ती थोडी वर राहिली की इंजिन उतारावर रोखण्याऐवजी ढकलायला लागतं. ट्रॅक्टरवरचा साऊंड बंद करा. गाणी खाली गेल्यावर लावा. बेअरिंगची घरघर, पिनेचा खडखडाट, मागून ट्रॉली आदळल्याचा ठोका हे सगळं कानानेच कळतं.

गिअर: जो चढाला लागला असता त्याच्याही एक खालचा, लो रेंजमध्येच. वेग माणसाच्या भरभर चालीपेक्षा थोडा जास्त, म्हणजे ताशी 8 ते 10 किलोमीटर. उतारावर गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर वेग घेतो, मग गिअर पडत नाही, आणि सगळा भार त्या दोन ब्रेकांवर येतो.

चार-चाकी-चालन ट्रॅक्टर असेल तर उतरतानाही ते चालू ठेवा. पुढचा एक्सल मागच्याशी जोडला जातो, त्यामुळे इंजिनाचा आणि ब्रेकचा रोख चारही चाकांवर पोहोचतो, आणि ट्रॅक्टरचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं. कोरड्या डांबरावर त्याने टायर झिजतात, ओल्यावर बिनधास्त वापरा.

इंजिनच्या फेऱ्या तरीही वाढत असतील तर सरळ रस्त्यावर ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून दाबा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो. वळणाआधी वेग कमी करून घ्या, वळणात ब्रेक नाही. सरळ रेषेत ट्रॉली ट्रॅक्टरला सरळ ढकलते. वळणात तिचा धक्का तिरका लागतो आणि ट्रॅक्टरची मागची बाजू बाहेर फेकली जाते. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली चाकूच्या पात्यासारखे मिटतात.

मागची चाकं घसरायला लागली, म्हणजे ती हळू फिरतायत आणि ट्रॅक्टर मात्र वेगाने खाली जातोय, तर पाय आपोआप ब्रेकवर जातो. इथे उलट करायचं. ब्रेक सोडा आणि किंचित रेस द्या. चाकांचा वेग रस्त्याशी जुळला की पकड परत येते, मग हळूच इंजिनने रोखा. हे वाचून येत नाही. रिकाम्या ट्रॉलीने, ओल्या पण निर्धोक मोकळ्या उतारावर, जाणत्याला शेजारच्या बांधावर उभं करून सराव करा.

घाटरस्त्याला दोन्ही कडा फसव्या असतात. डोंगराकडे गटार असतं, पावसात पानांनी आणि मातीने झाकलेलं. दरीकडची साईडपट्टी भिजून मऊ झालेली असते, कठड्याखालची माती कधी वाहून गेलेली असते. ट्रॉली वळणात ट्रॅक्टरच्या आतून येते, म्हणून आतल्या बाजूला जागा सोडून वळा. सावलीतल्या वळणावर शेवाळ असतं. कडेला साचलेल्या पाल्यावर चाक घालू नका.

वेग खरंच हाताबाहेर चालला, तर निर्णय लवकर घ्यायचा. पुढचं वळण बघून मग ठरवू म्हणण्यात तीन-चार सेकंद जातात आणि तेवढ्यात वेग दुप्पट होतो. डोंगराकडच्या गटारात चाकं उतरवा, ट्रॉली दरडीला घासू द्या. एक्सल मोडेल, माल सांडेल. दरीच्या बाजूला वळवायचा मोह कधीच नको.

धुकं आणि दरड

धुक्यात दिवा डिमवर ठेवा. अप्परचा झोत धुक्यावरून परतून डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर थांबल्यावरच लावा, चालू असताना लावले तर मागच्याला तुम्ही उभे आहात असं वाटतं आणि वळण दाखवताही येत नाही. मागच्या दुचाकीवाल्या सोबत्याने दिवा लावून पुरेसं अंतर ठेवून यावं.

कड्यावरून बारीक दगड टपटपायला लागले, नेहमीच्या ओहोळाचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा थांबलं, रस्त्याला ताजी आडवी भेग दिसली, झाडं वाकडी झाली, तर त्या कड्याखाली थांबू नका. पुढे मोकळी जागा असेल तर निघून जा. समोरच पडझड दिसली तर अलीकडे रुंद जागी थांबा आणि मागच्यांना थांबवा. ट्रॉली वळवायची खटपट तिथे करू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचं डांबर दिसत नसेल तर आधी पायाने नाही, काठीने अंदाज घ्या. मदतीला 112, राष्ट्रीय महामार्गाचा घाट असेल तर 1033. बऱ्याच घाटांत मधल्या टप्प्यात रेंज नसते, म्हणून घरी निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ सांगून ठेवा.

बंद पडलात तर

ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे, ट्रॅक्टर गिअरमध्ये, पुढची चाकं डोंगराकडे वळवलेली. त्रिकोण ट्रॉलीच्या शेजारी ठेवून उपयोग नाही. वरच्या आणि खालच्या दोन्ही वळणांच्या पलीकडे काहीतरी दिसलं पाहिजे. तिकडे फांदी ठेवा, माणूस उभा करा. चढावर बंद पडलेली भरलेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायची तर साखळीने, धक्का न देता, आणि साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. त्यापेक्षा निम्मा माल तिथेच कडेला उतरवणं सोपं पडतं.

आणि निघताना चाकाखाली लावलेले दगड उचला. रस्त्यात तसेच सोडलेले दगड रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाहीत. घाटात प्रत्येक दोन-तीन वळणांनंतर असे दगड पडलेले असतात, आणि ते दरडीचे नसतात, आपल्याच कुणाचे तरी असतात.

खाली पोहोचल्यावर पाच मिनिटं द्या. हाताची मागची बाजू ट्रॉलीच्या हबजवळ न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय किंवा जातंय. ब्रेकचा पायटा सकाळपेक्षा खोल जातोय का बघा. पिन काढून तिच्यावर नवा खाचा पडलाय का ते पाहा, नट आवळा, रेडियम पुसा. दुसरी खेप करायची असेल तर ब्रेक निवल्याशिवाय परत माथ्याकडे निघू नका, आणि तोवर तीन वाजले असतील, आभाळ भरलं असेल, तर ती खेप उद्या.